उंबऱ्याबाहेरची खाला

चुडीवाल्या खालानं हात धरला की माणूस आपला हात विसरायचा. पंजा दोन्ही तळव्यांत घेऊन, अंगठ्याखालचा उंचवटा दाबत ती भलतंच काहीतरी विचारायची. म्हैस दूध देते का, धाकट्या जावेचा रुसवा गेला का, नांदेडच्या दवाखान्यात काय म्हणाले. उत्तर देण्याच्या नादात बांगडी हाडावरून कधी सरकली ते कळायचं नाही. "हाड कडक नसतंय बाई, भ्याव कडक असतंय," असं तिचं म्हणणं. माझा हात मुळातच थोराड. जत्रेतल्या कासारांनी माझ्या हातावर ढीगभर बांगड्या वाढवल्या; बांगडी फुटली म्हणायचं नसतं. खालाच्या हातून एकच वाढली, आणि ती कशी ते पुढे येईलच.

ती देगलूरहून पहिल्या एसटीनं यायची. डोक्यावर टोपली, खांद्याला माळांची पिशवी. आमच्या बायकांशी मराठी, सीमेपलीकडून आलेल्या सुनांशी कन्नड, गवंड्यांच्या बायकांशी तेलुगू, आणि बांगडी मनासारखी बसली नाही की स्वतःशी दखनी. भाव करायला मात्र कुठलीच भाषा तिला येत नसे. "घ्यायच्या तर घे, न्हाई तर माझा टाइम वापस दे," म्हणायची. घरोघरच्या सगळ्या गोष्टी तिच्या कानावर असत, पण या घरचं त्या घरी तिनं कधी केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर टोपलीकडे बोट दाखवायची. "हितं काच हाय. काचंशेजारी चुगली ठिवत न्हाई मी."

गावात ती सगळ्यांच्या ओसरीवर बसायची, फक्त आमच्या नाही. आमच्याकडे ती समोरच्या लिंबाखाली बसे आणि आमच्या बायका बाहेर जाऊन हात पुढे करत. चहा आमच्याच कपात, पण बाहेर. आजोबा दाराशी ओट्यावर बसलेले असत. "आली का हाजरा?" ते विचारत. "आले काका," ती म्हणे. इतक्या वर्षांत त्या दोघांचं याहून लांब बोलणं मी ऐकलं नव्हतं.

मी नांदेडला कॉलेजात गेले आणि वर्षभरात मला जगातला सगळा अन्याय कळून चुकला. सुट्टीत घरी आले तर खाला आपली लिंबाखालीच. मी आईवर तोफ डागली. मुसलमान म्हणून बाईला बाहेर बसवता आणि वर स्वतःला माणसं म्हणवता? मग मी तरातरा बाहेर गेले, खालाचा हात धरला आणि म्हटलं, "चल, आजपासून तू आत बसायचं." जन्मात पहिल्यांदा तिनं माझ्या हातातून हात ओढून घेतला.

"सोड," ती म्हणाली. "मला कुणी अडवलं न्हाई. मीच येत न्हाई. ह्या दारातून न्हाई."

ओट्यावर आजोबा काठीच्या टोकाकडे बघत राहिले. मी आले होते समाज सुधारायला, तशीच पाय ओढत आत गेले.

आईनं मग शेंगा फोडता फोडता सांगितलं. आमचं दार खालाच्या बापाचं होतं. रसूल मणियार, गावातला बांगड्यांचा आणि लुगड्यांचा व्यापारी. हाजरा त्याची एकुलती लेक. म्हणजे आमचं गाव हे खालाचं माहेर. निजामाच्या शेवटच्या दिवसांत रझाकारांनी आजोबांच्या धाकट्या भावाला, माधवला, शिवारात गाठून मारलं. एवढं आम्हा पोरांना पाठ होतं, त्याचा फोटोच शाळेत आहे. पुढचं पाठ नव्हतं. भारताची फौज आली, निजामी गेली, आणि लोकांच्या मनात साचलेला राग बाहेर पडला. रझाकार केव्हाच पसार झाले होते. रसूल पळाला नाही, कारण त्यानं काही केलं नव्हतं. त्याला आपल्याच गावच्या माणसांनी मारलं. त्याची बायको सात वर्षांच्या हाजराला घेऊन शेताशेतांतून देगलूरला गेली. मागे लोकांनी त्याचं घर वाटून घेतलं. कुणी तुळया नेल्या, कुणी जातं. नक्षीचं सागवानी दार आमच्याकडे आलं.

"मारणाऱ्यात आजोबा होते?" मी विचारलं.

"न्हाई म्हणतात," आई म्हणाली. "पर दार आणणाऱ्यात व्हते."

ही गोष्ट गुपित होती असं मात्र कुणी समजू नये. सगळ्या गावाला ठाऊक होती, फक्त बोलायची नव्हती. आमच्याकडे त्या दिवसांसाठी दोन शब्द आहेत. रझाकारांनी केले ते अत्याचार, आणि आपण केली ती गडबड. 'गडबडीत गेलं,' 'गडबडीत आलं,' असं माणसाबद्दलही म्हणतात आणि भांड्याबद्दलही. आजोबांना कुणी दाराचं विचारलंच तर ते म्हणत, "पडक्या घराचं व्हतं. सडून राहिलं व्हतं." पुढे मी वाचलं की जगात काही देशांत राज्यं बदलल्यावर मारणाऱ्यांना आणि भोगणाऱ्यांना समोरासमोर बसवलं, जे झालं ते मोठ्यानं बोलायला लावलं. वाचून मला हेवा वाटला. आमच्याकडे तसं कुणी कुणाला बसवलं नाही. माणसं आपापली समोरासमोर बसली होती, एक ओट्यावर आणि एक झाडाखाली, आणि मध्ये चहाचा कप फिरत होता.

दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनी, शाळेत झेंडावंदन व्हायचं, माधवआजोबांच्या फोटोला आमच्या घरचा हार पडायचा. खाला त्या दिवशी धंदा नसला तरी यायची. शाळेच्या तारेच्या कुंपणाबाहेर टोपली उतरवून उभी राहायची, फोटोला हात जोडायची. मी एकदा तिला विचारलं, तुला राग नाही येत? ती म्हणाली, "माधवकाकाचा कशाला राग? खांद्यावर घेऊन पेरू तोडू द्यायचा मला. त्याला मारलं त्या दिशी अब्बा जेवला न्हाई. त्याला हार हाय, बरं हाय. अब्बाचा फोटोबी न्हाई. निस्तं नाव हाय. तेवढं कुणीतरी घ्यावं."

"आणि तरी तू या गावात येतेस?"

"माहेर हाय बाई. चांगलं असलं तरच माहेर असतंय का?"

मग माझं लग्न ठरलं. आमच्याकडे हळद लागली की चुडा भरतात, आणि हळद लागलेली नवरी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. हे लग्नाच्या धांदलीत कुणाच्याच डोक्यात आलं नाही. खाला हिरव्या बांगड्या घेऊन आली आणि नेहमीप्रमाणे लिंबाखाली बसली. मला बाहेर जाता येईना आणि ती आत येईना. पाहुण्यांतल्या एका शहाण्या आत्यानं तोड काढली, की हिला मागच्या दारानं, गोठ्यातून आत घ्या. खाला उठून उभी राहिली.

"मागनं? चोरावानी? माह्या माहेरात?"

तिनं टोपली उचलली. आत्या म्हणाली, जाऊ द्या, बाजारातून कासार बोलवू. मी आत पाटावर बसून सगळं ऐकत होते, आणि हळदीच्या तोंडानं रडू नये म्हणतात तरी रडत होते. मला चुडा तिच्याच हातचा हवा होता. खाला दोन पावलं गेली, थांबली आणि वळून आजोबांसमोर येऊन उभी राहिली.

"काका, पोरीचा चुडा माह्या हातानं व्हावा, लई मनात हाय. येते मी आत. फक्त कुणाच्या दारातून येऊन राहिले, तेवढं एकदा सांगा."

आजोबांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. मला वाटतं, त्यांना म्हणायचं होतं. म्हटलं तर भावाचा फोटो खाली उतरेल, अशी काहीतरी भीती त्यांना धरून बसली असावी. आणि मग माझी आई, जी सासऱ्यासमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती, पदर सावरत दारात आली.

"ये खाला," ती म्हणाली. "तुह्या बापाचं दार हाय. रसूल मणियाराचं."

आजोबांनी वर पाहिलं नाही. दारासमोर आडवी पडलेली काठी तेवढी उचलून जवळ घेतली.

खालानं आत येताना दाराच्या फळीवर हात ठेवला. "निर्मलच्या जंगलातलं सागवान," ती म्हणाली. "अब्बानं गाडीत घालून आणलं, तवा मी वर बसले व्हते." मग माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि माझा हात घेतला. त्या दिवशी तिनं म्हशीचं विचारलं नाही की दवाखान्याचं विचारलं नाही. चुड्यातली एक बांगडी वाढली, आत्यानं अपशकुन म्हणून तोंड फिरवलं. आई म्हणाली, "दुसरी भर."

त्यानंतर खाला आमच्या ओसरीवर बसू लागली. आजोबा पुढं फार जगले नाहीत, आणि ते वाक्य त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. ते गेल्यावर वडिलांनी तिला म्हटलं, दार काढून देतो, घेऊन जा. ती हसली. "देगलूरला माह्या घराला पत्र्याचं दार हाय, तेवढ्या भिंतीला हे पेलायचं न्हाई. आन् हे नेलं तर लोक म्हणतील, फिटलं. असू दे हितंच. निस्तं म्हणत जा, कुणाचं हाय ते." मग आईकडे वळून म्हणाली, "घरात म्हटलंस, पोरी. आता एकदा शाळंत म्हण. अब्बा ह्या गावचा व्हता, गावासमोर म्हण."

"म्हणते," आई म्हणाली. "ह्या साली न्हाई जमलं तर पुढल्या साली."

आई खोटं बोलत नव्हती. दर सप्टेंबरला ती मनाची तयारी करायची. एका वर्षी निवडणूक होती, एका वर्षी भावकीत लग्न निघालं होतं, एका वर्षी वडील म्हणाले, तिथं नको, मुलाबाळांसमोर शोभत नाही. ती बायकांच्या रांगेत बसून परत यायची. पुढे खालाचे गुडघे गेले, येणं बंद झालं. तिचा मुलगा इस्माईल फोन लावून द्यायचा. सतरा तारखेला संध्याकाळी ती नेमानं विचारायची, "म्हटलं का गं?" आई ओशाळून म्हणायची, "न्हाई खाला. पुढल्या साली." पलीकडून खालाचं हसणं मलाही ऐकू यायचं. "असू दे. मी हाय अजून."

गेल्या वर्षी थंडीत ती गेली. आम्ही मातीला देगलूरला गेलो.

या सप्टेंबरला आईनं इस्माईलला बोलावून घेतलं. वडील आता नाहीत, त्यामुळे फोटोला हार आईनं घातला. मुख्याध्यापक पोरांना गाणं म्हणायला सांगणार तेवढ्यात ती वळली आणि माइकपासून दूरच उभी राहून बोलली. "आणखी एक नाव हाय. रसूल मणियार. ह्याच गावचा. त्याला रझाकारानं न्हाई मारलं, आपल्या माणसांनी मारलं. त्याच्या घराचं दार आमच्या घराला हाय." पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. सरपंच चुळबुळले. आणि भाषण झालं की टाळ्या वाजवायच्या, एवढंच ठाऊक असलेल्या शाळेच्या पोरांनी जोरात टाळ्या वाजवल्या. इस्माईल तारेच्या आत उभा होता. त्यानं रुमालात तोंड लपवलं.

मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. जेवायला बसल्यावर मी तो बोलूनही दाखवला. म्हटलं, आई, केवढं मोठं काम केलंस. आईनं हातातला घास ताटात ठेवला.

"कसलं मोठं गं," ती म्हणाली. "तिला तेवढं एक वाक्य ऐकायचं व्हतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, संपलं. एवढंच व्हतं. आन् त्या एवढ्याला भिऊन मी तिला मरू दिलं."