मोतीबिंदू आणि मुंगन्याचा पाला

माझ्या वडिलांचा मोतीबिंदू मी नुसत्या पालेभाजीने बरा केला होता. पुरावा म्हणून वही अजून जपून ठेवली आहे.

साठच्या दशकात मी बालाघाटच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणजे मला सगळंच कळायचं! बाबा भरवेलीच्या खाणीतून निवृत्त झालेले. तीस वर्षं हाताने मँगनीज निवडायचं आणि साधे दगड फेकायचे, हे त्यांचं काम. त्यांच्या डोळ्यांवर साय धरली. शेजारी म्हणाले, "आपरेशन करा." मी म्हटलं, "जीवनसत्त्व अ!" (हे म्हणताना मी चष्मा काढायचो. भारदस्त दिसतं.)

"मुंगन्याचा पाला, पपई, गाजर. दोन्ही वेळा!" (मुंगना म्हणजे आमच्याकडचा शेवगा.)

"मी काय शेळी हाव काय गा?" बाबा म्हणाले. पण मास्तर झालेल्या पोराचा त्यांना भारी अभिमान. मुकाट्याने खाऊ लागले.

बाबांना अक्षरओळख नव्हती, म्हणून डोळ्यांची तपासणीही मीच शोधून काढली. मँगनीज आणि काळे दगड मिळून चाळीस तुकड्यांचा ढीग! दर रविवारी बाबा ओसरीवर निवडायला बसत आणि मी निकाल वहीत लिहायचो. सहा रविवार झाले, एकही चूक नाही! वॉर्डभर बोभाटा झाला. "मास्तरजी, थोडा मुंगने का पत्ता देना," म्हणत लोकांनी आमचं झाड बोडकं केलं. माझी मान इतकी ताठ झाली की सदऱ्याची गुंडी लागेना.

तेवढ्यात डोळ्यांचं शिबिर लागलं. मी बाबांना मिरवत नेलं. उपचाराला नव्हे, डॉक्टरांना शिकवायला!

डॉक्टरांनी हात वर केला. "बाबाजी, कितनी उँगलियाँ?"

"हाती द्या साहेब," बाबा म्हणाले, "मंग सांगतो."

सगळं शिबिर हसलं. मी सोडून.

"बाबा! मंग दगड कसे निवडले?"

"मँगनीज वजनाले भारी असते. त्याले डोळे काहून पाहिजे?"

"मले सांगितलं काहून नाही?"

"तू इचारलंच नाही. अन् वहीत लिहून किती खुश होत होता!"

मला तिथेच रडू आलं. माझ्या हुशारीपायी ते दीड महिना अंधारात पाला चावत होते. डॉक्टर म्हणाले, पाला चांगलाच, खाऊ द्या. पण धरलेली साय त्याने उतरत नाही.

ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा लावून बाबा घरी आले आणि ऐटीत म्हणाले, "आण तो ढीग. आता हात न लावता, पाहून सांगतो!"

चाळीसपैकी एकतीस.

मी वही उघडली आणि नोंद केली: 'शस्त्रक्रियेने नजर बिघडली.'