नुईआजीच्या वाट्याचं गवत

नुईआजीनं आयुष्यभर टोफू विकला आणि संध्याकाळी चित्रं काढली. दगडावर शाईची कांडी उगाळायची, कागद अंथरायचा आणि नदीकाठचं गवत, पानावरचा नाकतोडा, तुऱ्याखालचा रातकिडा उतरवायचा. न पाहिलेला किडा ती काढत नाही. म्हणते, ऐकीव किड्याच्या मिशा कुठे वळतात ते कुणाला विचारू?

यंदा वस्तीच्या सभागृहासाठी तिला शरदाचं चित्र काढायचं होतं. हात थरथरतो आता, त्यामुळे बहुधा हे शेवटचं मोठं चित्र. आणि नेमकी त्याआधीच गवतकापणी आली. उन्हाळा सरताना घरटी एक माणूस विळा घेऊन उतरतो आणि आम्ही सगळा काठ भादरून टाकतो. मग कुठले तुरे नि कुठले रातकिडे.

मी वस्तीच्या सभेत भांडले. नदीचे काठ सिमेंटनं बांधायला आलेल्यांशी भांडून माझा आवाज तयार झालाय. एक कोपरा सोडा, म्हटलं. मंडळाचे अध्यक्ष कुवाबारा म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. मग मी त्यांच्या टकलावर घसरले. आजीनं माझी बाही ओढली.

"बस गं. तुझ्या ओरडण्यानं किडेच पळतील."

कापणीच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी हजर. दोरी बांधून घराघरांचे वाटे पाडतात, तेव्हा तिनं तोच कोपरा मागून घेतला. आणि बसली एकेक काडी कापत. कापायची, उन्हात धरून बघायची, हळूच बाजूला ठेवायची. इतरांचे वाटे उरकले, बार्लीचा गार चहा संपला, आजी अजून पहिल्याच मुठीत. दुसऱ्याच्या वाट्याला आमच्यात कुणी हात लावत नाही. लावला तर त्याला तोंडावर आळशी म्हटल्यासारखं होतं, आणि नुईआजीला तसं कोण म्हणणार? कुवाबारा विळा घेऊन दोरीपर्यंत आले, घुटमळले, परत गेले. ऊन चढलं, पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा म्हणाले, "आजी, सवडीनं करा. घाई नाही."

"शब्द दिलात हं. माझी सवड थंडीपर्यंत पुरते."

मी जन्मभर नियम मोडायला धावले. ही बाई नियमाच्याच मांडीवर जाऊन बसली.

शरदात सभागृहात चित्र लागलं. तुऱ्यांचं दाट गवत, त्यात टाकलेला विळा, विळ्याच्या मुठीवर मिशा पसरून बसलेला रातकिडा. कुवाबारा वाकून विळ्याकडे बघायला लागले.

"विळा कुणाचा हा?"

"माझा. काम चालू आहे अजून."

ते हसले नाहीत. खिडकीतून त्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले, "पुढच्या वर्षीही तुम्हाला हाच वाटा."