सहीत न बसलेलं नुकसान

आमच्या शेजारच्या काकांइतका हिशेबाला सरळ आणि वागायला वाकडा माणूस अख्ख्या ओहायोत दुसरा नसेल. मूळचे नागपूरचे, एकटेच राहायचे. तिथल्याच डब्लिन नावाच्या गावाजवळच्या एका सेव्हिंग्ज अँड लोनमध्ये, म्हणजे ठेवी घेऊन घरांसाठी कर्ज देणाऱ्या संस्थेत, ते टॅक्सचं काम बघत. मी वाटीभर वरण नेलं की दारातच विचारायचे, "हे प्रेमानं, की कशाची भरपाई?" एकदा मी चुकून म्हणाले, "परवा मला एअरपोर्टवर सोडलंत ना, म्हणून." "मग ही कमाई झाली, टॅक्स लागेल," म्हणत त्यांनी वाटी अदबीनं परत केली आणि त्या रात्री नुसता ब्रेड खाल्ला. माझ्या मुलीला वाढदिवसाला बाहुली दिली, तर सोबत चिठ्ठी: 'भेट. करमुक्त.' ती म्हणाली, "काका, आय अ‍ॅम ओन्ली सिक्स." काका म्हणाले, "सवय लहानपणीच लागते."

मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अशा कितीतरी संस्था बुडाल्या, तशी त्यांचीही बुडाली. दुसऱ्या कंपनीनं ती घेतली आणि तोट्याचा खड्डा सरकारनं पैसे देऊन बुजवला. त्या पैशावर टॅक्स नव्हता. काकांना ते मान्य होतं. "बुडत्याला दिलेला हात म्हणजे काही त्याची कमाई नव्हे," ते म्हणत. पण नव्या मालकांना तोच बुजवलेला तोटा रिटर्नमध्ये पुन्हा नुकसान म्हणून दाखवायचा होता, म्हणजे त्यांच्या बाकीच्या नफ्यावरचाही टॅक्स वाचणार. रिटर्न सहीसाठी काकांच्या टेबलावर आलं. काकांनी पेनाला टोपण लावलं.

"एवढा हट्ट कशाला, काका?" मी विचारलं. "वकील म्हणतात ना, कायद्यात बसतं?"

"कायद्यात बसतं गं," ते म्हणाले. "माझ्या सहीत बसत नाही."

नोकरी सुटली. दुसरीकडे विचारावं, तर तिथलीही माणसं घरी बसलेली. सहा महिने वाट बघून त्यांनी घर विकलं आणि नागपूरला बहिणीकडे गेले. त्यांच्या घरात एक तरुण जोडपं आलं. भली माणसं आहेत, येता-जाता हात हलवतात.

डिसेंबरात एकदा काकांचा फोन आला. लाइन खरखरत होती. "बर्फ पडला का गं तिकडे?" त्यांनी विचारलं.

"पडला. घोट्यापर्यंत."

"माझ्या... त्या घरासमोरचा काढला का कुणी?"

मी खिडकीतून पाहिलं. पायवाट पांढरीच होती. "काढला, काका," मी म्हणाले. फोन ठेवला आणि फावडं घेऊन त्या घरासमोरचा बर्फ काढायला गेले.