धरला की

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कोल्हापुरात वेगवान सीटी स्कॅन नवीन होतं. मामांच्या तपासणीसाठी मी बाहेर बाकावर बसलो होतो. आत कबनूरचा एक यंत्रमाग कामगार धापा टाकत पडला होता. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याचा संशय होता, आणि ती दिसल्याशिवाय डॉक्टर औषध सुरू करणार नव्हते.

"श्वास रोखून धरा," तंत्रज्ञ म्हणाला.

"धरला की!" तो गरजला, आणि चित्र हललं. पुन्हा तेच.

"अहो, उत्तर देऊ नका."

"मग मी ऐकलं हे तुमास्नी कळायचं कसं? मागाच्या खडखडाटात वरडून उत्तर दिलं न्हाय, तर मुकादम शिव्या घालतोय."

कामगारानं तोंड उघडावं म्हणून मी गिरणीच्या दारात युनियनची पत्रकं वाटणारा. शेवटी मीच दारातून म्हणालो, "तुम्ही गप्प पडा. तुमच्या वतीनं मी ओरडतो."

त्याला हे पटलं. दर हुकमाला मी "धरला की" म्हणून बोंबललो, आणि गुठळी स्वच्छ दिसली. औषध लगेच सुरू झालं.

स्ट्रेचरवरून जाताना तो मला म्हणाला, "पावणं, आवाज दणदणीत हाय. पर सायबाच्या दर हुकमाला मान डोलवायची सवय बरी न्हवं."