नायकाचा मित्र

काल मंडईत मेथी घेताना शेजारी मालिकेतल्या नायकाचा मित्र उभा दिसला. गेल्याच आठवड्यात नायकासाठी गोळी झेलून तो मेला होता. भाजीवाल्या मावशी दचकल्याच. "अगं बाई, तुम्ही तर गेलात ना! तुमच्या आईचं काय झालं हो?"

तो हसला, मग थबकला. "आई कधी दाखवलीच नाही, मावशी."

खरंच की. इतकी वर्षं हा माणूस नायकाच्या दारात उभा राहिला, त्याच्या लग्नात नाचला, त्याच्याच दुःखात रडला. याचं घर, याचं जेवणाचं ताट आम्ही कधी पाहिलं नाही, आणि आम्हाला ते खटकलंही नाही.

संध्याकाळी मालिका लावली. नायकाच्या भिंतीवर याचा हार घातलेला फोटो होता. मेल्यावरही तो स्वतःच्या घरी गेला नव्हता.