दुबईला न गेलेली सुकेळी

कुठल्याही दुकानात शिरल्या की फिलोमिना टीचर आधी पाकीट उलटं करून माल कुठल्या देशाचा ते वाचत. तुळिंजच्या बाजारात अमेरिकन बदाम दिसले की वर्गात कॉपी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. शाळेत त्यांनी आम्हाला इतिहास शिकवला होता. निवृत्त झाल्यावर आगाशीच्या बायकांना हाताशी धरून त्या सुकेळी करू लागल्या. राजेळी केळी उन्हात सुकवायची आणि केळीच्याच वाळक्या पानात बांधायची. माल परदेशी पाठवायची कागदपत्रं मी बघायचो.

खूप खटपटीनंतर दुबईच्या एका दुकानदाराने मागणी दिली. त्याच्या दुकानातल्या फळीवर जागा एकच होती. आमचा माल वेळेत पोचला नाही, तर तिथे अमेरिकेचा सुका मेवा लागणार होता.

टीचर बायकांना सांगत, "अमेरिका काय पहिल्यापासून शेठ होती? तंबाखू, पीठ जहाजात भरून परक्यांच्या दारात उभी राहायची. तिथल्या व्हर्जिनियात खराब तंबाखू तपासून जाळायचे, तेव्हा कुठे चांगल्याला भाव आला."

"टीचर, परीक्षा नाय ना घेनार?" त्यांच्यातली सेलीना विचारायची, आणि सगळ्या हसायच्या.

नेमकं शेवटच्या दिवसांत आभाळ भरून आलं. टेम्पो ठरला होता. माल अजून ओलसर होता, पण टीचरच म्हणाल्या, "बांधून टाका."

टेम्पो दारात लागला, तेव्हा त्यांनी एका जुडीचं पान सोडून आतलं सुकेळं चावलं. मग दुसरी सोडली, तिसरी सोडली. सगळी आंबूस लागत होती.

"पानात बांधलंय टीचर, कोन उघडून बघतंय?" सेलीना म्हणाली. "आमचा अख्खा सीझन गेलाय यात."

"खाणारा उघडेल. चूक माझी आहे सेलीना, घाई मी केली."

मलाही माल जायला हवा होता. मी म्हणालो, "टीचर, अर्धा तरी चांगला असेल."

"कुठला अर्धा, ते गिऱ्हाइकाला तू सांगणार?"

टेम्पो रिकामा परत गेला. टीचरनी एकटीने सगळ्या टोपल्या वाडीतल्या खड्ड्यात ओतल्या. मदतीला कुणी उठलं नाही, मीही नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता. पुढे कित्येक रविवार चर्चमध्ये बायका त्यांच्या बाकावर बसल्या नाहीत. दुबईचा फोन परत आला नाही, आणि त्याच पावसाळ्यात टीचर गेल्या.

आता सुकेळीचं काम सेलीना बघते. परवा गेलो तेव्हा एक व्यापारी पैसे हातात घेऊन उभा होता आणि ती एक टोपली पायाने मागे सारत होती.

"थोडीशीच आंबलीय. चालेल मला," तो म्हणाला.

"मला नाय चालत."

तो चिडून निघून गेला. मला टीचरची फार आठवण आली. सेलीनाने पदराला हात पुसले आणि पुढच्या टोपलीतली जुडी सोडायला घेतली.