उरलेले दोन फर्मे

बाइंडरला सगळे बाइंडरच म्हणत. शेजारी, ग्रंथालयातली मंडळी, इतकंच काय, कधीकधी त्याचा जावईसुद्धा. पंचेचाळीस वर्षं त्यानं दुसऱ्यांची पुस्तकं बांधली, पण वाचलं म्हणाल तर एकही नाही. "वाचत बसलो तर बांधणार कोण?" असं तो म्हणे, आणि ते खरंही होतं. आता दुकानात बांधायलाही फारसं काही येत नव्हतं. ग्रंथालयं जुनी पुस्तकं बांधून घ्यायच्या ऐवजी सरळ काढून टाकत होती. सकाळी बोटं सरळ व्हायलाच अर्धा तास जाई. मग दुकान उघडून तो दिवसभर बसे आणि दमून घरी येई, काम करून नव्हे, कामाची वाट बघून.

घरी त्याच्यावर एक जुना ठपका होता.

लग्नाच्या चौथ्या वर्षातली गोष्ट. घरातलं आटोपलं की त्याची बायको शिलाईला बसे. ग्रंथालयानं दुरुस्तीला पाठवलेली पुस्तकं उसवायची, सोळा-सोळा पानांच्या घड्या, म्हणजे फर्मे, पुन्हा शिवायच्या, हे तिचं काम. नवऱ्यानं वाचनाशी जेवढी फारकत घेतली होती तेवढी हिनं सगळी भरून काढली होती. शिवता शिवता ती पुस्तकंच्या पुस्तकं फस्त करी. अशाच एका गठ्ठ्यात तिला ती कादंबरी मिळाली. विसावं शतक नुकतं उजाडत होतं तेव्हाची. नाव एवढं लांबलचक की पुस्तकाच्या कण्यावर मावत नसे, आणि लेखकाच्या जागी नुसतं 'एक गृहस्थ'. एका घड्याळजीची मुलगी तुरुंगात पडलेल्या निरपराध भावासाठी पुरुषाचा वेष घेते आणि कोर्टात कारकून म्हणून नोकरीला लागते. चोरीला गेलेले कागद तिच्या हाती लागतात. तेवढ्यात न्यायाधीशाला संशय येतो आणि भर कोर्टात तो म्हणतो, "कारकून, टोपी काढा." तिथं फर्मा संपला.

उरलेले दोन फर्मे दुकानात राहिले होते. "उद्या आणतो," असं बाइंडर म्हणाला. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून निरोप आला, ती कादंबरी आता कुणी नेत नाही, बांधू नका, रद्दीत टाका. त्यात त्या आठवड्यात पुठ्ठा पातळ आला होता. पुठ्ठा पातळ आला की बाइंडर लोक दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये रद्दी कागद खळ लावून चिकटवतात आणि त्याचा एक जाड पुठ्ठा करतात. यानंही तेच केलं. एका साप्ताहिकाचे चार खंड बांधायचे होते, म्हणजे आठ पुठ्ठे. दोन फर्मे उलगडले तर मध्ये घडी असलेली आठ जोडपानं निघाली, पुठ्ठ्याला एक. काम इतकं चोख झालं की ग्रंथपालांनी मुद्दाम बोलावून शाबासकी दिली. त्या खुशीत तो घरी आला, तर बायको दारातच उभी.

"आणलेत का फर्मे?"

"कसले?"

तिनं त्या दिवशी आदळआपट केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, असं पुढं बाइंडरला कितीदा तरी वाटलं. जवळचे फर्मे तिनं एका धुतलेल्या कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवले आणि ठपका आयुष्यभर पुरवून पुरवून वापरला. मुलीच्या लग्नात कुणी त्याच्याकडे पाकीट सांभाळायला दिलं तर ही म्हणाली, "त्यांच्याकडे नका देऊ, पुठ्ठ्यात घालतील." सगळे हसले, तोही हसला. पण घरी येऊन त्याला नीट जेवण गेलं नाही. नवी प्रत मिळते का ते त्यानं गुपचूप चार गावांत विचारून पाहिलं होतं. कुणी त्या कादंबरीचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

अशी अडतीस वर्षं गेली. मग बायकोची नजर जायला लागली. आधी सुईचं नेढं दिसेना, मग अक्षर, मग जिन्याची पायरी. डॉक्टर म्हणाले, गेली ती परत यायची नाही. ती रडली नाही. एकदा भाजी निवडताना एवढंच म्हणाली, "आता ते फर्मे सापडले तरी काय उपयोग म्हणा." बाइंडर उठून गॅलरीत गेला.

त्यानंतर महिन्याभरानं एक प्राध्यापिका दुकानात आल्या. खांद्याला जड पिशवी, चपलांवर धूळ. एकेकाळी लोकांनी रांगा लावून वाचलेल्या आणि नंतर कुणीच न विचारलेल्या कादंबऱ्या त्या शोधत होत्या. वेषांतराच्या, खुनाच्या, पळवून नेलेल्या मुलींच्या. "समीक्षकांनी नाकं मुरडली, ग्रंथालयांनी रद्दीत घातल्या," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं फिरतेय. एकीचा तर नुसता जाहिरातीत उल्लेख आहे, प्रत कुठंच नाही." आणि त्यांनी ते लांबलचक नाव वाचून दाखवलं.

बाइंडरनं दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांना घरी नेलं.

ट्रंकेतले फर्मे बघून प्राध्यापिका जमिनीवर बसल्याच. शेवटी "टोपी काढा"पाशी आल्या आणि त्यांनी वर पाहिलं. "पुढचं?"

"त्यांना विचारा," बायको म्हणाली.

बाइंडरनं सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं सगळं नीट, खाली मान घालून सांगितलं. मग म्हणाला, "ते चार खंड ग्रंथालयात अजून असतील. माझी बांधणी आहे, सुटायची नाही. सोडवावी लागेल."

"अहो, तुमची बोटं बघा आधी," बायको म्हणाली. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

प्राध्यापिकांनी परवानगी मिळवली. आठवडाभर बाइंडर एकटाच ते चार खंड फोडत बसला. आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम, आणि तेच सुरी घेऊन उसवायचं. वाफ द्यायची, थांबायचं, पात्याचं टोक घालायचं, पुन्हा वाफ. पाठ भरून येई. एकेक जोडपान ओलं, पिवळं, पण सबंध निघत होतं. बायकोनं बजावलं होतं, "शेवट आधी वाचायचा नाही. आणि मला सांगायचाही नाही. सगळं ओळीनं हवं." पण फर्म्यात पहिल्या पानाला शेवटचं पान जोडलेलंच असतं. पहिल्याच दिवशी अखेरचं पान त्याच्या हातात आलं. त्यानं मान फिरवली आणि ते पालथं घालून वर टीपकागद ठेवला. सात दिवस ते तसंच पडून होतं, पण त्यानं त्याला हात लावला नाही.

रविवारी सकाळी प्राध्यापिका आल्या. त्यांनी वाचायला हात पुढं केला, तर बायको म्हणाली, "नको. ह्यांनीच वाचायचं."

बाइंडर वाचू लागला. शाळेतल्या मुलासारखा, ओळीखाली बोट धरून, अडखळत. मुलीनं टोपी काढली. कोर्टात एकच गलका झाला. कागद पुढं आले, भाऊ सुटला, खरा चोर मात्र खिडकीतून उडी मारून बंदराकडे पळाला. बायको पुढं वाकून ऐकत होती. मध्येच "मला वाटलंच!" म्हणाली, मध्येच नायिकेला "अगं वेडे" म्हणाली. इतका आनंद तिच्या चेहऱ्यावर बाइंडरनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्याचा घसा बसत आला होता, पण तो थांबला नाही. मुलगी चोराच्या मागं गलबतात चढते. वादळ सुटतं. अंधारात तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात पडतो. ती मागं वळून पाहते, तो...

बाइंडरनं पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. तो परत मागं आला. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. ती त्यानं आधी मनात वाचली, मग मोठ्यानं.

"पहिला भाग समाप्त. दुसरा भाग छापत आहोत."

प्राध्यापिका हळूच म्हणाल्या, "दुसरा भाग कधी निघालाच नाही बहुतेक. त्या छापखान्याच्या पुढच्या सगळ्या जाहिराती मी पाहिल्यात. छापखानाच बंद पडला."

बाइंडरला त्या मेलेल्या लेखकाचा, त्या 'एक गृहस्था'चा असा संताप आला की हातातलं पान चुरगाळावंसं वाटलं. त्यानं ते जपून खाली ठेवलं.

"म्हणजे शेवट तुमच्याकडे नव्हताच," बायको म्हणाली. तिचा आवाज एकदम थकला होता. "कधीच नव्हता. मी उगाच इतकी वर्षं तुम्हाला बोलत राहिले."

अडतीस वर्षं त्यानं याच वाक्याची वाट पाहिली होती. "बोल गं," तो म्हणाला, "अजूनही बोल. पुठ्ठ्यात मीच घातले होते ना?" पण तिनं नुसती मान हलवली, आणि ज्या बाजूला तो बसला आहे असं तिला वाटलं त्या बाजूला हात पुढं केला. तो दुसऱ्या बाजूला बसला होता. तो उठला आणि तिचा हात होता तिथं जाऊन बसला.